ठिकाण आणि खोली

चिठ्ठीवर ठिकाण न लिहिलेला शिंपला हातात आला की गुन्नेल हर्मान्सॉनचं डोकं फिरायचं. मग समोर पांढऱ्या केसांचा प्राध्यापक असो नाहीतर कालच बोटीतून उतरलेला विद्यार्थी, ती तो शिंपला त्याच्या तळहातावर परत ठेवायची आणि म्हणायची, "ठिकाण आणि खोली. ते नसेल तर हा नुसता कचरा आहे. जा, आठवून ये." आमच्या बेटावरच्या समुद्रकेंद्रात तिनं तीस वर्षं काढली. तिला घाबरत नव्हता असा माणूस त्या इमारतीत शोधून सापडला नसता. त्याच बाईनं एक ठिकाण, त्याच्या खोलीसकट, एकतीस वर्षं पोटात दाबून ठेवलं होतं. हे बाहेर आलं तेव्हा आम्ही सगळे चाटच पडलो.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. समुद्रात शिंपला पडला की त्याच्या कवचात डोळ्यांना न दिसणारे जीव भोकं पाडत शिरतात. कुणी शेवाळ, कुणी बुरशी. ते जीव मरून जातात, त्यांची बिळं मात्र राहतात, आणि शिंपल्याचा दगड झाला तरी करोडो वर्षं तशीच राहतात. आता कवचाच्या पोटातलं केसाहून बारीक बीळ बघायचं कसं? गुन्नेल शिंपला धुऊन, वाळवून पातळ रेझिनमध्ये बुडवायची आणि पंपानं आतली हवा ओढून घ्यायची. हवा बाहेर पडली की तिच्या जागी रेझिन बिळाबिळात शिरायचं. ते घट्ट झालं की ती शिंपला मधोमध कापायची. एक अर्धा ॲसिडमध्ये, एक अर्धा डबीत. ॲसिडमधला अर्धा फसफसून विरघळून जायचा. शिंपला नाहीसा व्हायचा आणि त्याच्यातली पोकळी तेवढी हातात उरायची, झाडाच्या फांद्यांसारखी, उभी. डबीतला अर्धा मात्र कधीच ॲसिडमध्ये जायचा नाही, हा तिचा नियम. पुढं कुणी शंका काढलीच तर दाखवायला काहीतरी हवं, असं ती म्हणायची.

या भोकांचा उपयोग काय, असं तिला बेटावरच्या बायका थट्टेनं विचारायच्या. "भोकं भरून पगार घेतेस होय गं?" त्यावर गुन्नेल एवढंच सांगायची की शेवाळाला उजेड लागतो आणि बुरशीला लागत नाही. म्हणजे भोकं बघून सांगता येतं, हा शिंपला उजेडात पडून होता की अंधारात. करोडो वर्षांपूर्वीचा समुद्र कुठं उथळ होता नि कुठं खोल, हे असं कळतं. इल्वा नावाची संशोधक याच कामासाठी आमच्याकडे आली आणि इथलीच होऊन राहिली. दगडातल्या शिंपल्यांशी ताडून बघायला म्हणून तिनं आमच्या खाडीत दोरांना चौकटी बांधून पाच वेगवेगळ्या खोलींवर दोन वर्षं शिंपले टांगून ठेवले होते. त्यातला एकूण एक शिंपला गुन्नेलच्या हाताखालून गेला. इल्वा लांबलचक लॅटिन नावं घ्यायची. गुन्नेलची नावं घरगुती होती. अगदी वर, भरपूर उजेडात दाट रेटारेटी करून उभ्या असतात त्या पिशव्या. त्याच्या जरा खाली मण्यांच्या माळा. आणि जिथं सूर्य पोचतच नाही तिथं फक्त धागे, विरळ, एकटेदुकटे. एवढ्यावरून ती खोली सांगायची आणि सहसा चुकायची नाही.

ती मूळची दगडाच्या घरातली. बाप पाथरवट, आमच्या किनाऱ्यावरच्या लाल ग्रॅनाइटच्या खाणीत उभं आयुष्य घातलेला. हाताला घाई करू द्यायची नाही, हे तिनं बापाकडून घेतलं. तेविसाव्या वर्षी तिचं हेल्गेशी लग्न झालं. हेल्गे कोळी, कोळ्याचा मुलगा, कोळ्याचा नातू. माणूस हसरा. एका बोटीचा आणि चाळीस पिंजऱ्यांचा मालक, आणि शिवाय एका जागेचा.

त्या जागेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे शरदात शेवंडीचे, म्हणजे त्या मोठ्या नांग्यांच्या झिंग्याचे, पिंजरे टाकतात. शेवंड कुठं बसते हे ज्या घराला ठाऊक, ते घर ती जागा जिवापाड जपतं. कागदावर लिहीत नाही, नकाशावर खूण करत नाही. अमुक मनोरा तमुक धोंड्यावर आला की थांब, अशा दोन खुणा बाप मरताना एका मुलाच्या कानात सांगतो, आणि तो मुलगा फार तर बायकोला सांगतो. शेवंडीच्या दिवसांत कुठं निघालास म्हणून विचारणं म्हणजे असभ्यपणा. कुणी उत्तरेला चाललो म्हणाला तर तो दक्षिणेला गेला असं समजावं. यात कुणी कुणाला खोटारडा म्हणत नाही. मात्र दुसऱ्याचा पिंजरा उपसणाऱ्याला माफी नसते. त्याच्या घरी कुणी कॉफी प्यायला जात नाही, त्याच्या मेल्यावरही त्याचं नाव निघत नाही.

हेल्गेच्या घराण्याची जागा म्हणजे म्हातारीचा उंबरठा. पाण्याखाली सात मीटरवर एक सपाट खडक, त्याच्या पलीकडे तळ एकदम सुटलेला. बापानं मरताना ती जागा थोरल्या सिक्स्टनला डावलून धाकट्या हेल्गेला दिली. "सिक्स्टनच्या पोटात काही राहत नाही," असं म्हातारा म्हणाला. सिक्स्टननं ते ऐकलं, मान हलवली, आणि पुढं भावाशी पहिल्यासारखाच वागत राहिला. हे गुन्नेलला नेहमी मोठेपणाचं वाटायचं.

ऑक्टोबर शहाऐंशीची गोष्ट. सकाळी सिक्स्टन त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफीत पाव बुडवून खात बसला होता. हेल्गेनं इंजिनाचे तेलकट हात गुन्नेलनं आदल्या दिवशीच टांगलेल्या नव्या पडद्याला पुसले. यावरून तिचं आणि त्याचं वाजलं. अगदी एवढंसं भांडण. तिनं थर्मास भरून टेबलावर आदळला, शेजारी त्याचा निळा इनॅमलचा मग ठेवला आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागली. त्या मगाचा कान एकदा तुटला होता, तो तिच्या बापानं दोन जाड पितळी रिबिटं मारून बसवून दिला होता. तसा मग जगात दुसरा नव्हता.

"मी चाललो खोल चरात, कोळंबीला," हेल्गे म्हणाला.

आता हेल्गेची एक सवय होती. खरोखर कोळंबीला निघाला असेल तर तो सरळ जायचा. म्हातारीच्या उंबरठ्यावर निघाला असेल आणि घरात कुणी परकं असेल, तर तोंडानं कोळंबी म्हणायचा आणि बायकोकडे बघून डावा डोळा मिटायचा. त्या सकाळी त्यानं डोळा मिटला की नाही, हे गुन्नेलला कधीच कळलं नाही. तिची पाठ होती. दार लागल्याचा आवाज आला तेव्हाही तिनं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी पाच वाजले, सहा वाजले, हेल्गे आला नाही. वारा पडलेला, समुद्र गप्प. तटरक्षक दलाचा माणूस नकाशा घेऊन आला आणि तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं तो पसरला. भोवती गावातले पाचसहा कोळी टोप्या हातात घेऊन उभे. सिक्स्टन सकाळच्याच खुर्चीत बसलेला.

"कुठं गेलेत ते, बाई?"

गुन्नेलच्या जिभेवर आलं होतं. म्हातारीचा उंबरठा. तिनं भोवती पाहिलं. पाचसहा कोळी, सगळ्यांचे कान टवकारलेले. तिला वाटलं, आत्ता इंजिन दुरुस्त करून तासाभरात हा दारात उभा राहील आणि विचारेल, काय गं, तीन पिढ्यांची जागा अख्ख्या गावाला वाटून टाकलीस? वर सकाळच्या पडद्याचा राग अजून मावळला नव्हता, तोही तिला बोलू देईना. आणि शिवाय त्यानं कोळंबी म्हटलं होतं ना. कदाचित खरंच कोळंबी असेल.

"खोल चरात," ती म्हणाली. "कोळंबीला."

बोटी उत्तरेला गेल्या. चरापर्यंत अडीच तास. सकाळपर्यंत दिवे लावून लावून शोधलं. दोन दिवसांनी मासळीची एक पेटी सापडली, पण आमच्याकडचा प्रवाह कुठलं कुठं नेऊन टाकतो, त्या पेटीवरून काही ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी गुन्नेल एकटीच शेजाऱ्याची बोट घेऊन म्हातारीच्या उंबरठ्यावर गेली. पाणी होतं. बाकी काही नव्हतं. ती तिथं बसून राहिली आणि मग घरी आली, आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगून आता कुणाचा काय फायदा होणार होता?

मूलबाळ नव्हतं. पुढल्या वर्षी ती केंद्रात काचेची भांडी धुवायला लागली. भांडी धुता धुता शिंपले धुवायला लागली, आणि मग त्यांच्यातली भोकं. लोक म्हणायचे, बाईनं दुःख कामात बुडवलं. खरं म्हणजे तिनं काही बुडवलं नव्हतं. रोज तोच एक प्रश्न ती घरून घेऊन यायची आणि घरी घेऊन जायची. तो चरात असेल तर माझ्या गप्प बसण्यानं काही बिघडलं नाही. तो उंबरठ्यावर असेल तर त्याला मी मारलं. मधलं काही नव्हतं.

सिक्स्टन दर शुक्रवारी तिला मासळी आणून द्यायचा. एकतीस वर्षांत एक शुक्रवार चुकवला असेल तर शपथ. तिच्या खिडक्या त्यानं रंगवल्या, छपराची कौलं बदलली. पण स्वयंपाकघरात पाऊल म्हणून टाकलं नाही. ती म्हणायची, "आत ये, कॉफी घे." तो म्हणायचा, "बुटांना चिखल आहे." चिखल नसतानाही म्हणायचा. तिला वाटायचं, हा मनातून मला दोष देतो. आणि बरोबरच आहे, असंही वाटायचं.

ती निवृत्त व्हायच्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी, सिक्स्टन दारात आला तो हातात दोन पुडकी घेऊन. एका वर्तमानपत्रात मासळी होती. दुसरं त्यानं स्वतःच उलगडलं.

निळा मग. कडेचं इनॅमल उडालेलं, तळाला तीन पातळ शिंपले घट्ट चिकटलेले, आणि कानाला दोन पितळी रिबिटं.

"जाळ्यात आला," सिक्स्टन तिच्याकडे न बघता म्हणाला. "खोल चरात. नव्वद मीटरवर."

गुन्नेलनं दाराची चौकट धरली.

"म्हणजे तो तिथंच होता, गुन्नेल. तू बरोबर सांगितलं होतंस. आम्ही शोधलं ते बरोबर जागी शोधलं. काही करता येण्यासारखं नव्हतंच मुळी." सत्तरीच्या पुढचा तो माणूस पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलला आणि लगेच पायऱ्या उतरून गेला.

त्या दिवशी ती मग मांडीवर घेऊन बसली आणि पोटभर रडली. एकतीस वर्षं अडकलेलं रडणं होतं ते, पण त्यात सुटकाही होती. मी मारलं नाही. मी मारलं नाही त्याला. पुढल्या आठवड्यात केंद्रात सगळ्यांना वेगळीच गुन्नेल दिसली. ती काम करताना गुणगुणत होती. एका विद्यार्थ्यानं चिठ्ठीवर खोली लिहिली नव्हती, तर तिनं त्याला नुसतं "विसरलास रे" म्हटलं. तो बिचारा जास्तच घाबरला.

मग काय झालं, तर निवृत्तीला दोन आठवडे उरलेले असताना तिच्या मनात आलं की आपल्या हातचा शेवटचा शिंपला हाच असावा. तिला शंका आली होती असं कुणी म्हणेल, पण तसं अजिबात नव्हतं. हेल्गेला कबर नव्हती, आणि तो जिथं निजला तिथल्या अंधाराची एक खूण तिला जवळ हवी होती. नव्वद मीटरवरचे ते विरळ धागे तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघायचे होते. तिनं तीनपैकी एक शिंपला पातळ पात्यानं अलगद सोडवला, धुतला, वाळवला, रेझिनमध्ये बुडवला, पंप लावला. शिंपला कापला. एक अर्धा ॲसिडमध्ये, एक अर्धा डबीत. आणि सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली. ठिकाण: खोल चर. खोली: नव्वद मीटर.

सोन्याचा मुलामा दिलेला तुकडा यंत्रात ठेवून पडद्याशी इल्वा बसली. गुन्नेल तिच्या मागं उभी होती, हात पुसत.

"अगं, हे काय!" इल्वा हसली. "गुन्नेल, तू? तू चिठ्ठी चुकवलीस?"

पडद्यावर पिशव्याच पिशव्या होत्या. दाट, एकमेकींना रेटून उभ्या, पाय ठेवायला जागा नाही इतक्या. मधून मण्यांच्या माळा गेलेल्या.

"हा कसला चरातला? हा ऊन खाऊन वाढलेला आहे! सात मीटर. फार तर आठ." इल्वाला खरोखर आनंद झाला होता. चिठ्ठी चुकवणाऱ्यानं शुक्रवारच्या कॉफीला केक आणायचा असा केंद्रात दंडक होता, आणि तीस वर्षांत गुन्नेलवर ती पाळी आली नव्हती. "केक आण आता! मोठा आण! मी सगळ्यांना सांगते, थांब!"

"थोडं बाजूला सरकव," गुन्नेल म्हणाली.

इल्वानं सरकवलं. पिशव्या.

"आणखी."

पिशव्या, माळा, पिशव्या. इल्वानं मागं वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसणं जिथल्या तिथं थांबलं. "काय झालं गं? बस, बस आधी. अगं, चुका सगळ्यांच्याच होतात."

"केक आणीन मी," गुन्नेल म्हणाली, आणि कोट घेऊन बाहेर पडली.

घरी येऊन तिनं मग भिंगाखाली धरला, जे तिनं आधीच करायला हवं होतं. सुखात माणूस भिंग घेऊन बसत नाही. इनॅमलवर सुरीचे बारीक ओरखडे होते. कुणीतरी मग खरवडून काढला होता, अगदी मन लावून. अंधारातून आलेल्या वस्तूवर खरवडण्यासारखं हिरवं काही नसतंच. उजेडातल्या वस्तूवर असतं. ज्यानं खरवडलं त्यानं वरचं सगळं शेवाळ काढलं होतं. शिंपल्याच्या पोटातलं कुणाला काढता येतं?

ती सिक्स्टनच्या बोटघराशी गेली तेव्हा दुपार होती आणि तो दारात बसून पिंजऱ्याची जाळी विणत होता. तिनं मग त्याच्यासमोर लाकडावर ठेवला.

"सिक्स्टन, हा चरातला नाही."

"जाळ्यात आला म्हणून सांगितलं ना तुला."

"मला शिकवू नकोस. तीस वर्षं मी दुसरं काय केलंय? हा सात मीटरवर होता, उन्हात."

त्याची सुई थांबली. "शिंपल्याला काय कळतंय!"

"शिंपल्यालाच कळतं. तुला नि मला कळत नाही." तिचा आवाज चढला होता, आणि मग एकदम उतरला. आपण आता काय बोलणार आहोत हे तिला कळलं होतं, पण थांबता येत नव्हतं. "मी तुला एक सांगते. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या वडिलांची जागा. चर्चचा मनोरा पांढऱ्या धोंड्याच्या डोक्यावर आणायचा, आणि..."

तिला रडू फुटलं.

"आणि खाणीची जुनी क्रेन दोन बेटांच्या फटीत," सिक्स्टन म्हणाला. "तिथं थांबायचं."

समुद्रपक्षी ओरडत होते. गुन्नेलनं डोळे पुसून वर पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"मी त्याच्या मागं मागं गेलो होतो. बाबा गेले त्याच शरदात. धुक्यात, इंजिन बंद करून, वल्ही मारत." त्यानं सुई खाली ठेवली. "दोन वर्षं मी त्याचे पिंजरे उपसले, गुन्नेल. सगळे नाही. एखाददुसरी शेवंड. मला ती नकोच असायची, मी पुन्हा पाण्यात सोडून द्यायचो. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणाले ना बाबा. मला बघायचं होतं, राहतं की नाही."

"त्या संध्याकाळी तू तिथं खुर्चीत बसला होतास."

"हो."

"मी चर म्हटलं तेव्हा..."

"मला वाटलं, हिला खरं ठाऊक असेल. बायकोला तो सांगूनच जात असणार. आणि मी तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता, तुला कसं माहीत? सगळे उभे होते तिथं. भावाचे पिंजरे उपसणारा म्हणून..." त्यानं मांडीवरची जाळी बाजूला सारली. "उजाडल्यावर मी तिकडून बोट घातली. कुणी नव्हतं. गुन्नेल, कुणीच नव्हतं. वेळेवर गेलो असतो तर असता की नसता, ते मला सांगता येत नाही. दरवर्षी शरद लागला की जातो मी, काचेच्या तळाची पेटी पाण्यावर ठेवून खाली बघत बसतो. यंदा पाणी फार स्वच्छ होतं. निळं काहीतरी दिसलं."

"आणि मला चर म्हणून सांगितलंस."

"तुला तरी झोप लागावी म्हणून."

तिला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. तिचा हात उचललाही गेला. मग तिच्या डोळ्यांपुढं ते टेबल आलं, तो नकाशा, आणि त्याच्या दोन बाजूंना बसलेली दोन माणसं. दोघांच्याही तोंडात एकच जागा होती. चोरी उघडी पडेल म्हणून एक गप्प, आणि हेल्गे चिडेल म्हणून दुसरी गप्प. आणि तो तिकडं पाण्यात असेल, किंवा बोटीचा उलटा तळ धरून असेल, आणि त्याची खात्री असेल, की गुन्नेलला ठाऊक आहे. गुन्नेल सांगेल. मी तिला डोळा मिटून दाखवला होता, तिनं पाहिला असेल.

"मी पाहिलं नव्हतं रे," ती म्हणाली. सिक्स्टनला ते कळलं नाही. ती हेल्गेशी बोलत होती.

तिनं सिक्स्टनचा हात धरून त्याला उठवलं. दोघं तिच्या घरी आली. दारात तो सवयीनं म्हणाला, "बुटांना चिखल आहे."

"असू दे," ती म्हणाली.

तो आत आला आणि त्याच खुर्चीत बसला. तिनं कॉफी ठेवली. एकतीस वर्षांनी त्या स्वयंपाकघरात हेल्गेच्या माणसासमोर कॉफी आली, आणि दोघंही अशी रडली की कप तसेच गार झाले. तिनं त्याला माफ केलं असं मी म्हणणार नाही. स्वतःला जे देता आलं नाही ते ती दुसऱ्याला कुठून देणार?

शुक्रवारी ती केंद्रात केक घेऊन आली. बदामाचा, मोठा. कॉफीच्या टेबलाभोवती दहाबारा जण होते. ती आधी आपल्या खोलीत गेली आणि तिनं डबीवरची जुनी चिठ्ठी काढून दुसरी लावली. मग डबी आणून केकच्या शेजारी ठेवली. आतला अर्धा शिंपला नखाएवढा होता.

इल्वानं चिठ्ठी वाचली. ठिकाण: म्हातारीचा उंबरठा. खोली: सात मीटर.

"हे कुठं आलं?" तिनं विचारलं. "नकाशावर नाही असं नाव." तिनं तो प्रश्न साधेपणानं, अगदी कामापुरता विचारला होता. भिंतीवर खाडीचा मोठा नकाशा होता.

टेबलाशी तिघं कोळ्यांच्या घरातले होते. त्यांनी कप खाली ठेवले. असं विचारायचं नसतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गुन्नेल उठली, नकाशापाशी गेली आणि तिनं बोट टेकवलं.

"चर्चचा मनोरा पांढऱ्या धोंड्याच्या डोक्यावर आणायचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आणि खाणीची जुनी क्रेन दोन बेटांच्या फटीत. तिथं थांबायचं. माझा नवरा तिथं आहे." तिनं बोट जागेवरून हलवलं नाही. "लांब नाही. आपल्या धक्क्यावरून पाऊण तास लागतो."